पालकांच्या ताणाची मोजपट्टी : पॅरेंटिंग स्ट्रेस इंडेक्स, चौथी आवृत्ती

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा ही अवस्था असलेल्या मुलाची तपासणी करायची म्हटली तर आज साधनांची वाण नाही. कॉनर्स आहे, व्हॅन्डरबिल्ट आहे, भारतात तयार झालेले इन्क्लेनचे साधन आहे. शाळेसाठी वेगळा अर्ज, घरासाठी वेगळा. मुलाचे लक्ष किती वेळ टिकते, ते खुर्चीवरून किती वेळा उठते, दुसऱ्याचे बोलणे मध्येच किती वेळा तोडते, हे सगळे कागदावर येते. ज्या घरात ते मूल वाढते त्या घराची काय अवस्था आहे याची चौकशी मात्र बहुतेक ठिकाणी निरोप घेताना विचारलेल्या ‘आणि तुमचे काय?’ एवढ्या एका प्रश्नावर भागवली जाते, आणि त्याला ‘चाललंय, मॅडम’ याखेरीज दुसरे उत्तर येण्याची शक्यता नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्या प्रश्नावलीचा जगभर सर्वाधिक वापर होतो ती म्हणजे पॅरेंटिंग स्ट्रेस इंडेक्स. बालमार्गदर्शनाच्या कामात मी ती पूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही स्वरूपांत वापरत आले आहे. एडीएचडीच्या घरांसाठी ती कितपत उपयोगी पडते, एवढ्याच मर्यादित अंगाने हे परीक्षण लिहीत आहे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड अबिडिन यांनी ही प्रश्नावली तयार केली. तिची पहिली आवृत्ती १९८३ची आणि सध्याची चौथी आवृत्ती २०१२ची आहे. फ्लोरिडातील सायकॉलॉजिकल असेसमेंट रिसोर्सेस ही संस्था ती प्रकाशित करते. एक महिन्याच्या बाळापासून बारा वर्षांच्या मुलापर्यंत कोणत्याही अपत्याच्या पालकाने ती भरायची असते. पूर्ण प्रश्नावलीत १२० विधाने आहेत आणि त्यांना साधारण वीस मिनिटे लागतात. संक्षिप्त प्रश्नावलीत ३६ विधाने असून ती दहा मिनिटांत आटोपते. बहुतेक विधानांपुढे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय असतात. इंग्रजी मूळ पाचवी इयत्ता शिकलेल्याला समजावे इतपत सोपे ठेवलेले आहे, आणि तो सोपेपणा खरा आहे. मानसशास्त्राच्या अनेक प्रश्नावल्यांत दोन-दोन नकार एकाच वाक्यात कोंबलेले असतात. तो त्रास येथे फारसा जाणवत नाही.

पूर्ण प्रश्नावलीची रचना समजून घेतल्याशिवाय तिच्या गुणदोषांविषयी बोलण्यात अर्थ नाही. तिचे दोन मोठे विभाग आहेत. मुलाच्या विभागात ४७ विधाने आहेत आणि ती सहा गटांत वाटलेली आहेत : मुलाची चंचलता व विचलितता, बदलाशी जुळवून घेण्याची क्षमता, पालकाला त्या मुलाकडून मिळणारे समाधान, मुलाच्या मागण्या, त्याची मनःस्थिती, आणि पालकाने मनात धरलेल्या अपेक्षांशी त्याचे जुळणे. पालकाच्या विभागात ५४ विधाने सात गटांत आहेत : पालक म्हणून वाटणारा आत्मविश्वास, एकटेपणा, मुलाविषयीची ओढ, स्वतःची प्रकृती, पालकपणामुळे आलेली बंधने, खिन्नता, आणि जोडीदाराशी असलेले संबंध. याशिवाय गेल्या बारा महिन्यांतील मोठ्या घडामोडींविषयी १९ प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे फक्त होय किंवा नाही अशी द्यायची असतात. ताण मुलाच्या स्वभावातून येतो, पालकाच्या परिस्थितीतून येतो आणि बाहेरच्या संकटांतूनही येतो. या तिन्हींची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की पालकाचे वागणे बिघडू लागते, हा अबिडिन यांचा मूळ विचार आहे. चाळीस वर्षांनंतरही तो पटण्यासारखा आहे. घरात कोण चुकतो, हा प्रश्न तो बाजूला ठेवतो. एडीएचडीच्या घरात सासरचे, माहेरचे, शाळेचे आणि शेजारचे सगळे लोक त्या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यात गुंतलेले असल्यामुळे, दोष न देणारा कागद प्रथमच हातात पडतो तेव्हा आईवडिलांना त्याचे अप्रूप वाटते.

माझी मुख्य तक्रार याच रचनेतून निघते. मुलाच्या विभागातील पहिला गट चंचलतेचा आहे आणि त्यातील नऊ विधाने मुलाची धावपळ, एकाग्रतेचा अभाव, सुरू केलेले काम अर्धवट टाकणे अशाच गोष्टींविषयी आहेत. ज्या मुलाचे निदानच या लक्षणांवरून झालेले आहे, त्याच्या आईने या नऊ विधानांना ‘सहमत’ म्हटले तर त्यात नवल नाही. तेवढ्यावरून तिचा ताण वाढल्याचे अनुमान काढणे म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर दोनदा वाचून दोन आजार सांगण्यासारखे आहे. निदान एकदा झालेले आहेच. तेच पुन्हा ताणाच्या नावाने मोजले जाते आणि एकूण गुणांत मिसळते. मागण्यांच्या आणि जुळवून घेण्याच्या गटांचेही थोडेफार तसेच आहे. त्यामुळे एडीएचडी असलेल्या मुलाच्या पालकाचा एकूण गुणांक उंच येणे हे जवळजवळ ठरलेले असते आणि त्या उंचीतील किती भाग पालकाच्या थकव्याचा आहे, किती भाग मुलाच्या लक्षणांचा, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. शिवाय, ज्या घरात मूल कमालीचे चंचल आहे पण आईवडिलांनी त्याचा स्वभाव ओळखून घराची घडी त्याप्रमाणे बसवलेली आहे, त्या घराचा गुणांकही ताणाच्या बाजूला झुकलेला दिसतो.

म्हणून अहवालातील एकूण आकडा बाजूला ठेवून थेट पालकाच्या विभागाकडे जावे, असे माझे मत झाले आहे. प्रश्नावलीचे खरे मोल तेथे आहे, आणि तेथे ती आपल्या समाजाच्या कल्पनेबाहेर काम करते. एकटेपणाचा गट घ्या. त्यात केवळ सहा विधाने आहेत. अतिचंचल मुलाची आई एकटी पडते ती एका दिवसात नव्हे. आधी ती लग्नसमारंभात जेवणाच्या पंगतीपर्यंत थांबत नाही. मग हळदीकुंकवाला मुलाला नेणे बंद करते. मग सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला मुलगा दुसऱ्याच्या हातातली झांज ओढतो म्हणून तिथेही जात नाही. आणि शेवटी बोलावणेच येईनासे होते. ‘तुम्ही लोकांत मिसळता का?’ असे विचारले तर ती ‘हो, सगळे आहेत की आजूबाजूला’ असे सांगते, आणि ते खोटे नसते, कारण घरात सहा माणसे असतात. गर्दीत राहूनही आपल्याशी बोलायला कोणी नाही, हे विधानांच्या रूपाने समोर आल्यावर मात्र तिचे पेन थबकते. मी एका आईला या गटातील एका विधानावर बराच वेळ थांबलेले पाहिले आहे. तिने ‘खात्री नाही’ या पर्यायावर खूण केली, ती खोडली, ‘सहमत’वर केली, आणि मग कागद उलटा करून ठेवत पाणी मागितले. पुढच्या भेटीत आम्ही मुलाविषयी फार कमी बोललो.

प्रकृतीच्या गटात पाच विधाने आहेत. तीही वाटतात त्यापेक्षा महत्त्वाची असतात. मुलाला रात्री झोप लवकर लागत नाही, सकाळी उठवताना घरात रणकंदन होते, शाळेची बस चुकली की आईच्या कार्यालयात उशिराची नोंद होते. या साखळीत आईची झोप, पाठदुखी आणि रक्तदाब यांची चौकशी करण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. बंधनांच्या गटात नोकरी सोडलेल्या आया स्वच्छ दिसतात. जोडीदाराच्या गटाला चौथ्या आवृत्तीत सहपालकाचीही जोड दिलेली आहे, म्हणजे मूल वाढवण्यात सोबत असणारी व्यक्ती पती किंवा पत्नीच असावी असा आग्रह राहिलेला नाही. या गटाचे महत्त्व अमेरिकेतील आकड्यांवरून कळते : २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूल आठ वर्षांचे होईपर्यंत घटस्फोट झालेल्या जोडप्यांचे प्रमाण एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांत २२.७ टक्के, तर इतर पालकांत १२.६ टक्के आढळले होते. आपल्याकडे गोष्ट कोर्टापर्यंत जातेच असे नाही. ती ‘तुझ्या लाडाने बिघडलाय’ आणि ‘तुम्ही घरी असता कुठे?’ या दोन वाक्यांच्या दरम्यान वर्षानुवर्षे चालू राहते. दोघांनी वेगवेगळे भरलेले कागद शेजारी ठेवले की हा संवाद न ऐकताही वाचता येतो, आणि तो तसा वाचता यावा म्हणून दोघांनाही भरायला लावणे अत्यावश्यक आहे. बहुतेक केंद्रांत फक्त आईचा कागद भरून घेतला जातो. वडिलांना रजा मिळत नाही हे कारण सांगितले जाते आणि ते निमूटपणे स्वीकारले जाते.

वडिलांनी भरलेल्या कागदाकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्यावे लागते. एडीएचडी मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तिची आनुवंशिकता साधारण ७४ टक्के इतकी सांगितली जाते. ‘याचा बापही लहानपणी असाच होता’ हे आजीचे वाक्य म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखे नसते. स्वतःला ही अवस्था असलेला पालक १२० विधानांचा कागद कसा भरतो याची प्रश्नावलीने फारशी दखल घेतलेली नाही. एक विधान सुटते, दुसऱ्यावर दोन खुणा होतात, आणि शेवटची दोन पाने उभ्या उभ्या ‘खात्री नाही’च्या रांगेत उरकली जातात. अशा वेळी मी संक्षिप्त प्रश्नावली देते.

संक्षिप्त प्रश्नावलीविषयी माझे मत पूर्ण प्रश्नावलीपेक्षा अधिक गुंतागुंतीचे आहे. तिच्यातील ३६ विधाने बारा-बाराच्या तीन गटांत आहेत : पालकाची स्वतःची व्यथा, पालक आणि मूल यांच्यातील बिघडलेला व्यवहार, आणि अवघड मूल. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण गुण ३६ ते १८० यांच्या दरम्यान येतात. संक्षेप करताना चंचलतेचा स्वतंत्र गट गळून पडला आहे. ‘अवघड मूल’ या गटात चिडचीड, रडणे, झोपण्या-जेवण्याच्या वेळा आणि ऐकायला लावताना होणारी दमछाक यांवर भर आहे. त्यामुळे निदानाचीच पुनरुक्ती होण्याचा दोष येथे कमी झालेला आहे, आणि एडीएचडीपुरते बोलायचे तर ही काटछाट पथ्यावर पडली आहे. उलट बाजूने, प्रकृती, एकटेपणा, बंधने आणि जोडीदार या सगळ्यांचा मिळून बारा विधानांचा एकच गट झाल्यामुळे आई नेमकी कशाने घायकुतीला आली आहे हे कळेनासे होते. पहिल्या भेटीत चाळणी म्हणून संक्षिप्त आणि पालकाची व्यथा उंच आली तर पूर्ण, हा क्रम मला सोयीचा वाटतो, जरी त्यात पालकाला दोनदा बसावे लागते.

मधल्या गटाकडे मी सर्वांत आधी पाहते. पालक आणि मूल यांच्यातील व्यवहाराची ती बारा विधाने आहेत आणि मुलाकडून पालकाला आनंद मिळतो का, मूल आपल्याला जवळचे मानते असे वाटते का, ते अपेक्षेप्रमाणे वाढते आहे का, असा त्यांचा रोख असतो. ‘अवघड मूल’ आणि ‘पालकाची व्यथा’ हे दोन्ही गट उंच आणि हा मधला गट मात्र मध्यम, असे चित्र दिसले की काम करायला हुरूप येतो. पोरगा वांड आहे, जीव नकोसा करतो, पण गळ्यात पडतो तेव्हा सगळे विसरायला होते, असे ते घर असते. हा गटही उंच गेला असेल तर वर्तनाचे तक्ते आणि बक्षिसाचे तारे चिकटवण्याआधी नात्याकडे वळावे लागते.

प्रश्नावलीत एक हुशार सोय आहे आणि ती आपल्याकडे विशेष कामाला येते. पालक स्वतःला सावरून, चांगले दाखवण्याच्या हेतूने उत्तरे देतो आहे का, हे ताडण्यासाठी काही विधानांची वेगळी बेरीज केली जाते. संक्षिप्त प्रश्नावलीत अशी सात विधाने आहेत आणि त्यांची बेरीज दहा किंवा त्याहून कमी आली तर उत्तरांकडे सावधपणे पाहावे, असे सांगितलेले आहे. म्हणजे फार कमी ताण हीसुद्धा खटकण्याजोगी गोष्ट ठरते. ज्या घरातून शाळेने दोनदा लेखी तक्रार पाठवली आहे, त्या घरातील आई सगळ्या विधानांवर ‘पूर्ण असहमत’ म्हणते तेव्हा तिला ताण नाही असे समजायचे नसते. कधी कागद घरी नेऊन संपूर्ण कुटुंबासमोर भरलेला असतो. कधी सासूबाई शेजारी बसून ‘असं कुठं असतं? लिही, काही त्रास नाही’ म्हणत असतात. मी आता कागद घरी देत नाही, आणि आजी सोबत आल्या असतील तर ‘आजी, तुम्ही तोवर बाहेर नातवाबरोबर बसा’ असे सांगून त्यांनाही एक काम देते. आजींच्या ताणाला मात्र या प्रश्नावलीत जागा नाही, आणि ही मला मोठी त्रुटी वाटते. आईवडील दोघे नोकरीवर असताना दुपारी एक ते संध्याकाळी सातपर्यंत मुलाला सांभाळणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या बाईला हा कागद भरायला द्यावा तर जोडीदार, नोकरी, मूल झाल्यानंतरचे बदल यांविषयीची विधाने तिच्या आयुष्याला लागू पडत नाहीत.

जीवनातील घडामोडींच्या यादीचेही असेच आहे. कर्ज, उत्पन्न घटणे, घर बदलणे, मृत्यू, नातेवाईक राहायला येणे अशा गोष्टी तिथे आहेत. नातेवाईक पूर्वीपासूनच राहत असतील तर त्यांची नोंद होत नाही, कारण ती घडामोड नव्हे. तिसरीच्या वर्गात मुलाला ‘दुसरी शाळा बघा’ असे तोंडी सुचवले जाणे ही आपल्याकडे एडीएचडीच्या घरातील वर्षातली सर्वांत मोठी घटना असते. तिच्यासाठी मी यादीच्या खाली हाताने एक ओळ लिहून घेते, अर्थात गुणांत ती धरता येत नाही.

आता मानकांविषयी, म्हणजे एका पालकाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे त्या इतर पालकांच्या गुणांविषयी. चौथ्या आवृत्तीची मानके ५३४ आया आणि ५२२ वडील अशा १,०५६ पालकांवर ठरवलेली आहेत आणि ती सगळी मंडळी अमेरिकेच्या २००७च्या लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेली होती. वडिलांची संख्या आयांच्या इतकी ठेवणे ही या आवृत्तीची मोठी सुधारणा आहे. गुणांचे रूपांतर पर्सेंटाइलमध्ये होते. १६ ते ८४ सर्वसाधारण, ८५ ते ८९ उंच, आणि ९० किंवा त्यापुढे म्हणजे उपचारांचा विचार करण्याइतका ताण. सीईटीच्या निकालांमुळे महाराष्ट्रातील प्रत्येक घराला पर्सेंटाइल माहीत झालेले आहे, आणि म्हणून एका वडिलांनी ९२ हा आकडा ऐकून आधी समाधानाने मान डोलावली, मग माझ्याकडे पाहिले आणि ‘इथे कमी असलेले चांगले, होय ना?’ असे विचारले. तसे आहे, पण ते शंभरांपैकी ९२ अमेरिकी पालकांच्या तुलनेत आहे, नाशिक किंवा सोलापूरच्या पालकांच्या तुलनेत नाही. दाटीवाटीच्या घरात राहणाऱ्या, मुलाच्या अभ्यासावर सारे घर पणाला लावणाऱ्या आणि तक्रार करणे कमीपणाचे मानणाऱ्या समाजात ८५ची रेषा तिथेच पडेल असे धरून चालणे धाडसाचे ठरेल. हा आकडा मी अहवालात लिहिते, पण त्यावरून कोणालाही ‘रुग्ण’ ठरवत नाही. पालकाची स्वतःच्याच दुसऱ्या गटाशी तुलना मला अधिक विश्वासार्ह वाटते : एकटेपणा उंच आणि आत्मविश्वास ठीक, की उलट?

भाषेची अडचण आहेच. अनेक केंद्रांत इंग्रजी कागद समोर ठेवून समुपदेशक प्रत्येक विधान मराठीत बोलून दाखवतात आणि पालक तोंडी उत्तर देतो. मुलाविषयी कधी कधी मनातून राग येतो, अशा अर्थाचे विधान एका अनोळखी व्यक्तीच्या तोंडून ऐकल्यावर त्याला होकार द्यायला आईची जीभ उचलत नाही, कागदावर मात्र ती खूण करते. अशा रीतीने भरलेल्या प्रश्नावलीचा गुणांक छापील मानकांवर बसवू नये. एका नावाजलेल्या केंद्रात मी प्रतीक्षाकक्षातच, इतर पालकांच्या देखत, मोठ्याने विधाने वाचून उत्तरे घेतली जात असल्याचे पाहिले होते. अहवालावर प्रश्नावलीचे नाव आणि आवृत्ती अगदी बरोबर छापलेली होती.

पर्याय कोणते आहेत? बेरी आणि जोन्स यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेली पॅरेंटल स्ट्रेस स्केल ही अवघ्या १८ विधानांची आहे आणि ती विनामूल्य वापरता येते. तिच्यात मुलामुळे मिळणाऱ्या आनंदाची विधानेही आहेत, त्यामुळे भरणाऱ्याचे मन खट्टू होत नाही. पण मुलाविषयी ती जवळजवळ काहीच विचारत नाही, आणि नेमका ताण कशाचा हे तिच्यातून निघत नाही. ज्यांना डॉलरमध्ये कागद विकत घेणे परवडत नाही अशा शाळांनी सुरुवात तिच्यापासून करावी. एडीएचडीसाठी खास विचार करून घडवलेले साधन म्हणजे जॉन्सन आणि रीडर यांची २००२ सालची डिसरप्टिव्ह बिहेवियर स्ट्रेस इन्व्हेंटरी. वर सांगितलेल्या दोषावर तिने नेमके बोट ठेवले आहे : एखादी त्रासदायक गोष्ट घडली का, आणि घडली असेल तर तिचा तुम्हाला किती त्रास झाला, हे दोन प्रश्न ती वेगवेगळे विचारते. शाळेतून फोन आला, ही झाली घटना. तो आल्यावर पोटात गोळा आला की ‘बरं, बघते’ म्हणून काम पुढे चालू राहिले, हा झाला ताण. विचार म्हणून ही रचना मला अबिडिन यांच्या रचनेपेक्षा सरस वाटते. पण तिच्यामागे मोठ्या नमुन्याची मानके नाहीत आणि वापरही मर्यादित आहे, म्हणून अहवालात तिला एकटीला उभे करता येत नाही. मी ती पद्धत तोंडी मुलाखतीत उचलली आहे.

मनगटावरील घड्याळे दाखवतात तो ‘स्ट्रेस’चा आकडा घेऊन येणारे पालकही आता भेटतात. ती घड्याळे हृदयाच्या ठोक्यांमधील अंतराच्या चढउतारावरून अंदाज बांधतात. गृहपाठाच्या वेळी आकडा वर गेला एवढे त्यातून कळते, पण तो ओरडण्याने गेला, चहाने गेला की तीन जिने चढल्याने, हे घड्याळ सांगत नाही.

प्रश्नावलीच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. एडीएचडी आणि पालकांचा ताण यांविषयी आज जे काही खात्रीने सांगता येते, त्याचा मोठा भाग हिच्या आधाराने जमा झालेला आहे. २०१३ साली या विषयावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांना इतर पालकांपेक्षा अधिक ताण असतो, ही अपेक्षित गोष्ट त्यातून दिसलीच. पण इतर तक्रारींसाठी उपचार घेणाऱ्या मुलांच्या पालकांपेक्षा तो अधिक असल्याचे आढळले नाही. मुलाच्या लक्षणांची तीव्रता, त्याच्या जोडीला असणारे आक्रमक व बेशिस्त वर्तन, आणि पालकाची स्वतःची खिन्नता यांचा ताणाशी संबंध दिसला. कामाच्या दृष्टीने यातून निघते ते असे की मुलाला औषध सुरू केल्यावर आईच्या खिन्नतेकडे काणाडोळा केला तर अर्धे काम राहून जाते. पालकाच्या विभागात खिन्नतेचा गट उंच आला, की मी पालकालाच मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याचे सुचवते. कोठे जावे हे कळत नसलेल्यांना सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक देते, तिथे मराठीतही बोलता येते.

पालक प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर ही प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत चांगली आहे, पण तिच्या निष्कर्षांचा गाजावाजा जपून करावा. संक्षिप्त प्रश्नावलीची अंतर्गत सुसंगतता, म्हणजे तिची विधाने एकमेकांशी किती जुळतात याचे माप, एकपैकी ०.९च्या घरात आहे, म्हणजे उत्तमच. तरीही अशा साधनात चार-पाच गुणांची घट ही निव्वळ मोजण्यातली हलचल असू शकते. परीक्षेच्या आठवड्यात भरलेला कागद आणि मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडून परतल्यावर भरलेला कागद यांच्यातील फरक कार्यशाळेच्या खात्यावर जमा करणाऱ्या संस्थांपासून पालकांनी सावध राहावे. दोन्ही वेळा शाळा चालू असावी, शक्यतो त्याच सत्रात, आणि त्याच पालकाने भरावा.

खरेदीविषयी थोडक्यात. प्रकाशक ही प्रश्नावली मानसशास्त्राचे शिक्षण असलेल्यांनाच विकतात, त्यामुळे पालकांनी ती स्वतः मागवण्याचा प्रश्न येत नाही. पूर्ण संचातील विधानांची पुस्तिका पुन्हा पुन्हा वापरता येते. उत्तरपत्रिका आणि आलेखाचे कागद मात्र दर वेळी नवे लागतात आणि खर्च तिथे वाढतो. संगणकावर भरून आपोआप गुण काढण्याची सोयही आहे. झेरॉक्सवर काम भागवणारी केंद्रे पुष्कळ आहेत. हे कायद्याला धरून नाहीच, शिवाय तिसऱ्या पिढीच्या झेरॉक्सवर ‘सहमत’ आणि ‘असहमत’ यांची अक्षरे एकमेकांत मिसळून गेलेली मी पाहिली आहेत. पालकांनी पैसे भरले असतील तर एका आकड्याच्या अहवालावर समाधान मानू नये. गटवार आलेख मागून घ्यावा.

मुलाने बारावे वर्ष ओलांडले की ही प्रश्नावली थांबते. पुढे ११ ते १९ या वयोगटासाठी शेरास, अबिडिन आणि कोनोल्ड यांची १९९८ सालची वेगळी प्रश्नावली आहे. तिच्यात ११२ विधाने आहेत आणि मुलाच्या बाजूला चंचलतेचा गटच नाही; त्याऐवजी मनाचे हेलकावे, एकलकोंडेपणा, नियमभंग, आणि यश न मिळणे किंवा चिकाटी नसणे असे चार गट आहेत. दहावीच्या वर्षी आमच्याकडे येणाऱ्या घरांना यांतला शेवटचा गट अचूक लागू पडतो. जुना आणि नवा गुणांक एकाच आलेखावर जोडता येत नाही, म्हणून मूल बारा वर्षांचे होण्याआधी एकदा आणि त्यानंतर नव्या प्रश्नावलीने एकदा, असे दोन कागद फार अंतर न ठेवता भरून घ्यावेत.